सोरॉरिटी म्हणजे काय? हॉवर्ड विद्यापीठातल्या एका भगिनी मंडळाची गोष्ट

संस्कृतात बहिणीला 'स्वसृ' म्हणतात, लॅटिनमध्ये 'सोरोर'. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, जसे 'भ्रातृ' आणि 'फ्रेटर'. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मुलांच्या ज्या संघटना असतात त्यांना फ्रेटर्निटी म्हणतात आणि मुलींच्या संघटनांना सोरॉरिटी. त्यातला दुसरा शब्द तसा अलीकडचा. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूस विद्यापीठात 1874 मध्ये मुलींनी अशी एक संघटना काढली, तेव्हा तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी तो त्यांना घडवून दिला. त्याआधी मुलीही आपल्या संघटनेला फ्रेटर्निटीच म्हणत, म्हणजे बहिणींनी जमून दारावर 'बंधुमंडळ' अशी पाटी लावावी तसं.

आपल्यापर्यंत सोरॉरिटी पोचली ती मुख्यतः हॉलिवूडमधून. मोठा बंगला, एकसारख्या कपड्यातल्या मुली, रात्रभर चाललेल्या पार्ट्या. हे चित्र अगदीच खोटं नाही, पण फार अपुरं आहे. 2020 मध्ये कमला हॅरिस उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या तेव्हा त्यांच्या निवडणूक निधीत एक चमत्कारिक रक्कम पुन्हा पुन्हा जमा होऊ लागली. 19 डॉलर 8 सेंट. दहा नाही, वीस नाही, बरोबर 19.08. पाठवणाऱ्या बायका होत्या 'अल्फा कापा अल्फा' या सोरॉरिटीच्या, आणि त्या सोरॉरिटीचं जन्मसाल 1908. कॉलेज सोडून तीस-चाळीस वर्षं झालेल्या बायका आपल्या मंडळाचं साल देणगीच्या आकड्यात लिहून पाठवतात, हे नातं नेमकं कसलं आहे ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी रचना बघू. सोरॉरिटी देशभर पसरलेली असते आणि कॉलेजाकॉलेजात तिच्या शाखा असतात. त्यांना चॅप्टर म्हणतात. पहिली शाखा अल्फा, दुसरी बीटा, असा ग्रीक मुळाक्षरांचा क्रम चालतो, आणि अक्षरं संपली की दोन-दोन अक्षरांच्या जोड्या लावतात. ग्रीकचा हा सोस जुना आहे. 1776 मध्ये व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कापा' नावाचं मंडळ काढलं, त्याची तीन अक्षरं म्हणजे एका ग्रीक बोधवाक्याची आद्याक्षरं होती. पुढे सगळ्यांनी तोच शिरस्ता धरला. पदांची नावंही तिथूनच आली. अल्फा कापा अल्फाच्या शाखेच्या अध्यक्षीणबाईंना 'बॅसिलियस' म्हणतात, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ राजा. सदस्या एकमेकींना 'सोरोर' म्हणतात.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. या सोरॉरिटीत 'माजी सदस्य' असा प्रकारच नसतो. शिकणाऱ्या मुलींच्या शाखा असतात, तशा पदवी घेऊन बाहेर पडलेल्या बायकांच्या वेगळ्या शाखा असतात आणि त्यांच्या नावात 'ओमेगा' हे शेवटचं अक्षर येतं. वॉशिंग्टनमधल्या पदवीधर बायकांची शाखा आहे 'क्साय ओमेगा'. मुलगी शिक्षिका झाली, डॉक्टर झाली, आजी झाली, तरी तिची बैठक, तिची वर्गणी आणि तिची कामं चालूच राहतात. कॉलेजचा क्लब म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो तो तिच्यासाठी जन्माचा गोतावळा असतो. पुढे जी सेवाकार्याची गोष्ट सांगणार आहे ती या एका नियमावर उभी आहे.

ही सोरॉरिटी जन्मली वॉशिंग्टन शहरातल्या हॉवर्ड विद्यापीठात. यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेल्यावर, 1867 मध्ये हे विद्यापीठ निघालं. मुक्त झालेल्या लोकांसाठी सरकारने जे खातं उघडलं होतं त्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड, त्यांच्यावरून हे नाव पडलं. यानंतर सहाच वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. ज्या घटनेने जोतीराव हजारो मैलांवर भारावून गेले होते, तिच्यातूनच हॉवर्डचे वर्ग भरू लागले होते. पण कायद्याने गुलामगिरी गेली तरी दारं उघडली नव्हती. गोऱ्या मुलींच्या सोरॉरिटी कृष्णवर्णीय मुलींना घेत नसत. हॉवर्डमध्ये शिकणाऱ्या मुलींना त्या जगाची माहिती होती ती ऐकून.

ऐकवणारी होती एथेल रॉबिन्सन नावाची शिक्षिका. ती स्वतः ब्राउन विद्यापीठाच्या महिला कॉलेजात शिकली होती आणि तिथल्या सोरॉरिटीच्या गोष्टी विद्यार्थिनींना सांगायची. सेंट लुईसहून आलेली एथेल हेजमन हे ऐकून पेटली. मुलांची 'अल्फा फाय अल्फा' ही संघटना 1907 च्या अखेरीस हॉवर्डमध्ये सुरू झालीच होती. 15 जानेवारी 1908 ला मुलींच्या वसतिगृहात, मायनर हॉलमध्ये, नऊ जणींनी बसून आपलं मंडळ काढलं. त्यात ब्यूला आणि लिली बर्क या दोघी सख्ख्या बहिणी होत्या. पाठोपाठ खालच्या वर्गातल्या सात जणींना घेतलं, आणि त्याही संस्थापिकाच मानल्या जातात. रंग ठरले साल्मन माशासारखा गुलाबी आणि कच्च्या सफरचंदासारखा हिरवा. खूण ठरली आयव्हीच्या वेलीचं पान. 1909 च्या मे महिन्यात मुलींनी मायनर हॉलच्या भिंतीशी खरोखरची आयव्ही लावली.

त्या नऊ जणींतली लूसी डिग्ज स्लो माझ्या विशेष आवडीची. 1908 मध्ये ती वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. 1917 मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत तिने महिलांचं अजिंक्यपद पटकावलं. 1922 मध्ये ती परत हॉवर्डलाच आली, मुलींची पहिली डीन म्हणून. ज्या वसतिगृहातल्या मुलींनी मंडळ काढलं, त्याच विद्यापीठातल्या मुलींची आता ती पालक झाली.

मंडळ म्हटलं की भांडण आलंच. 1912 मध्ये शाखेत शिकणाऱ्या बावीस मुलींना वाटू लागलं की आपलं मंडळ फार आत-आत वळलेलं आहे. त्यांना नाव बदलायचं होतं, रंग आणि बोधवाक्य बदलायचं होतं, देशपातळीवर जायचं होतं, सार्वजनिक प्रश्नांत उतरायचं होतं. ही बातमी नेली क्वांडरच्या कानावर गेली. ती नुकतीच पदवी घेऊन वॉशिंग्टनमध्ये शिकवत होती, आधी शाखेची अध्यक्ष होती, आणि तिला हे अजिबात मान्य नव्हतं. 'माजी सदस्य' नसतात म्हणतात ते हेच. बाहेर पडलेल्या मुलीचाही मंडळावर तेवढाच हक्क. तिने बावीस जणींना बेत सोडायला सांगितलं, मुदत दिली. त्या बधल्या नाहीत. 13 जानेवारी 1913 ला त्यांनी स्वतंत्र सोरॉरिटी काढली, 'डेल्टा सिग्मा थीटा'. त्याच महिन्याच्या 29 तारखेला क्वांडर आणि तिच्या जोडीदारणींनी जुन्या मंडळाची रीतसर कायदेशीर नोंदणी करून घेतली, म्हणजे पुन्हा कोणी नावाला हात लावू नये.

आज मागे वळून बघताना मला दोन्ही बाजूंचं पटतं. डेल्टाच्या मुलींनी जन्मल्यावर सातच आठवड्यांत, 3 मार्च 1913 ला, वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात भाग घेतला. दुसऱ्या दिवशी वुड्रो विल्सन यांचा शपथविधी होता, शहर पाहुण्यांनी भरलेलं होतं. हजारो बायका चालत होत्या, रस्त्याच्या दुतर्फा पुरुषांचा जमाव शिव्या घालत, ढकलत होता. त्यात मोर्चातल्याच गोऱ्या बायकांकडून कृष्णवर्णीय बायकांनी मागे, वेगळं चालावं असा दबाव होता. अशा ठिकाणी वीस-बावीस वर्षांच्या मुलींनी जायचं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्यातल्या बर्था पिट्स कॅम्पबेल 1981 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी, त्या मोर्चाच्या स्मरणार्थ त्याच रस्त्यावरून पुन्हा चालल्या.

आणि जुनं मंडळ आत वळलेलं राहिलं का? नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वात भिडतं ते प्रकरण याच मंडळाचं आहे, ते मिसिसिपीचं.

मिसिसिपी राज्यात कापसाचे मोठमोठे मळे होते. गुलामगिरी गेल्यावरही कृष्णवर्णीय कुटुंबं तिथेच बटाईने राबत होती. बियाणं मालकाचं, खोपटं मालकाचं, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर, आणि हंगाम संपला की हिशोबात कुटुंबाच्याच अंगावर बाकी निघायची. खाणं म्हणजे मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. असंच वर्षानुवर्षं खाल्लं की अंगावर चट्टे उठतात, पोट बिघडतं, पुढे भ्रम होतो. पेलाग्रा म्हणतात त्या रोगाला, आणि त्या भागात तो घरोघर होता. जोडीला हिवताप, घटसर्प, देवी. दवाखाने नव्हतेच, आणि जिथे होते तिथे यांना जागा नव्हती.

सोरॉरिटीच्या तेव्हाच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या आयडा जॅक्सन. जन्म मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा, नोकरी कॅलिफोर्नियात. ओकलंड शहरातल्या शाळांमधल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका. 1934 च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या गावाकडच्या राज्यात, होम्स काउंटीतल्या लेक्सिंग्टनला, खेड्यातल्या शिक्षकांसाठी सुट्टीतले वर्ग भरवले. सोबत पुस्तकं नेली. हेतू असा की शिक्षक सुधारले की शाळा सुधारतील. पण तिथे गेल्यावर कळलं की शिकवायचं कोणाला, मुलं तर आजारी आहेत. उपाशी, तापाने फणफणलेली, कधी लस न टोचलेली. तेव्हा पुढच्या वर्षी वर्गांऐवजी दवाखाना न्यायचा असं ठरलं.

दवाखान्याची सूत्रं आली डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्याकडे. त्या वॉशिंग्टनमध्ये प्रसूतितज्ज्ञ होत्या, हॉवर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. 1935 च्या उन्हाळ्यात त्या आणि सोरॉरिटीच्या इतर सदस्या, म्हणजे परिचारिका, शिक्षिका, समाजसेविका, मिसिसिपीला निघाल्या. रेल्वेत डबे वेगळे, फलाट वेगळे, वाटेत राहायला हॉटेल मिळण्याची मारामार. त्यांनी सरळ स्वतःच्या मोटारी काढल्या. दीड हजार किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा कच्चा आणि धुळीचा, आणि चाकावर बायकाच.

पोचल्यावर बेत असा होता की ठरलेल्या ठिकाणी दवाखाने उघडायचे आणि लोक तिथे येतील. लोक आलेच नाहीत. मळेवाल्यांनी त्यांना सोडलं नाही. कापसाची खुरपणी चालू होती, हातातलं काम टाकून मजूर दवाखान्यात गेले तर नुकसान. शिवाय संशय होता. शेजारच्या आर्कान्सा राज्यात आदल्याच वर्षी बटाईदारांनी संघटना काढली होती, तेव्हा उत्तरेकडून मोटारी घेऊन आलेल्या या शिकलेल्या बायका माणसांना बिथरवणार तर नाहीत ना, अशी मालकांना धास्ती.

इथे फेरेबीबाईंनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. लोक दवाखान्यात येऊ शकत नाहीत ना, मग दवाखाना लोकांकडे न्यायचा. औषधं, लशी, तपासणीचं सामान मोटारींत भरलं आणि त्या मळ्यामळ्यात फिरू लागल्या. कधी चर्चच्या आवारात, कधी थेट शेताच्या कडेला टेबल मांडायचं. मुकादम घोड्यावर बसून, बंदूक जवळ ठेवून, समोर उभा. या काय बोलतात त्यावर त्याचं लक्ष. आणि टेबलापुढे पोरांची रांग, बाही वर केलेली. घटसर्पाची आणि देवीची लस टोचायची, दात बघायचे, आयांना पाणी उकळून घ्यायचं, परसात भाजी लावायची, बाळाला काय भरवायचं ते सांगायचं. पुढच्या टेबलापर्यंत परत धूळ.

1935 पासून 1942 पर्यंत, दर उन्हाळ्यात काही आठवडे, हे चाललं. हजारो मुलांना लस मिळाली. जाणाऱ्या बायकांना पगार नव्हता. आपली सुट्टी त्या यात घालत, आणि खर्च देशभरच्या शाखांच्या वर्गणीतून निघे. शेवटी युद्धामुळे पेट्रोल आणि टायरचं रेशनिंग आलं आणि मोटारी थांबल्या.

जन्माच्या सदस्यत्वाचा अर्थ इथे दिसतो. एका डॉक्टरने पत्र टाकलं की शिकागोची परिचारिका, वॉशिंग्टनची शिक्षिका आणि कुठल्याशा शाखेच्या खजिनदारीण बाई तिच्या मागे उभ्या राहतात, कारण त्या सगळ्यांनी कधी ना कधी एकच शपथ घेतलेली असते. कॉलेजात नुसते चार वर्षांचे मित्र असते तर हे झालं नसतं. सरकार येत नव्हतं, राज्याचं आरोग्य खातं अपुरं होतं, मोठ्या देणगीदारांचं लक्ष दुसरीकडे. अशा वेळी हाताशी असलेली एकमेव देशव्यापी यंत्रणा म्हणजे हे भगिनी मंडळ.

लस टोचून बटाईची पद्धत बदलत नाही, हेही त्या बायकांना कळत होतं. संस्थापिकांपैकी नॉर्मा बॉइड वॉशिंग्टनच्या शाळांत गणित शिकवायच्या. त्यांनी 1938 मध्ये सोरॉरिटीतर्फे संसदेच्या दारात एक पूर्णवेळ कार्यालय उघडायला लावलं. नागरी हक्क, नोकऱ्यांतला भेदभाव, जमावाने केलेल्या हत्या या विषयांवरच्या विधेयकांचा पाठपुरावा करायचा हे त्याचं काम. म्हणजे 1912 मध्ये ज्या कारणावरून बावीस जणी बाहेर पडल्या, तेच काम पंचवीस वर्षांनी जुन्या मंडळाच्या एका संस्थापिकेने हाती घेतलं.

आता पैशाचं थोडं, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अमेरिकेच्या करकायद्यात सोरॉरिटी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, तो सदस्यांचा क्लब धरला जातो. सदस्या जी वर्गणी देतात तिच्यावर करसवलत नाही. म्हणून बहुतेक सोरॉरिटींनी जोडीला वेगळी धर्मादाय संस्था स्थापलेली असते. शिष्यवृत्त्या आणि देणग्या तिच्यातून जातात. अल्फा कापा अल्फाने अशी शिक्षण संस्था 1980 मध्ये काढली. गोऱ्या मुलींच्या जुन्या सोरॉरिटींची पद्धत अशी की एक कार्य निवडून त्यालाच धरून राहायचं. डेल्टा गॅमाने 1936 मध्ये अंधांसाठीचं काम घेतलं, ते आजही चालू आहे. अल्फा कापा अल्फात मात्र दर राष्ट्रीय अध्यक्षीणबाई आपल्या कारकिर्दीचे कार्यक्रम ठरवतात आणि प्रत्येक शाखेने ते आपल्या गावात उतरवायचे असतात. कधी शाळकरी मुलांना शनिवार-रविवारसाठी जेवणाच्या पिशव्या, कधी बायकांच्या हृदयविकाराबद्दल जागृती, कधी मतदार नोंदणी. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजांसाठी एका दिवसात दहा लाख डॉलर उभे केले.

हॉवर्डमधल्या मूळ शाखेच्या मुली यातलं सगळं करतात आणि अभ्यासही करतात. 15 जानेवारी हा त्यांचा स्थापनादिन. मार्टिन लूथर किंग यांचा जन्मदिवसही तोच, त्यामुळे त्या सुमाराला सेवेचे कार्यक्रम आणि स्थापनेचा सोहळा एकमेकांत मिसळून जातात.

एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. सोरॉरिटीत शिरण्याआधी नव्या मुलींची परीक्षा घ्यायची जुनी चाल होती, आणि तिचं अनेक ठिकाणी सरळ रॅगिंग झालं. मारहाण, अपमान, जागरणं. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्धचा कायदा 1999 मध्ये आला. तिकडे कृष्णवर्णीयांच्या संघटनांच्या राष्ट्रीय परिषदेने ही उमेदवारीची पद्धत 1990 मध्येच अधिकृतपणे बंद केली, आणि कागदपत्रं, गुण, समाजकार्याचा अनुभव बघून प्रवेश द्यायची रीत घातली. तरी चोरून प्रकार होतात आणि शाखांवर बंदीही येते. बहिणीचं नातं सांगायचं आणि धाकटीला छळायचं, हे ज्या शाखेत चालतं तिला मिसिसिपीच्या त्या मोटारींचं नाव घ्यायचा अधिकार नाही असं मला मनापासून वाटतं.

सदस्य वारली की अल्फा कापा अल्फात तिला 'भिंतीपलीकडची आयव्ही' म्हणतात. मायनर हॉलच्या भिंतीशी लावलेला वेल वाढत वाढत भिंत ओलांडून गेला, अशी ती कल्पना. अंत्यविधीच्या वेळी बहिणी एकत्र जमून तिला निरोप देतात, पण यादीतून तिचं नाव काढत नाहीत. नॉर्मा बॉइड 1985 च्या मार्चमध्ये गेल्या, 96 वर्षांच्या होऊन. पुढच्याच वसंतात हॉवर्डच्या त्याच अल्फा शाखेत अडतीस नव्या मुलींनी शपथ घेतली. त्यांच्यातली एक शेवटच्या वर्षाला होती, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकत होती. तिचं नाव कमला.